सिडनीची पहाट आणि आपल्या दिनचर्येचा कागद

उच्च शिक्षणासाठी ऑस्ट्रेलियात निघालेल्या विद्यार्थ्यांचे पालक प्रस्थानापूर्वी आमच्याकडे येतात, तेव्हा त्यांची मागणी बहुधा ठरलेली असते : वर्षभर पुरेल इतके औषध आणि दिनचर्येचा एक कागद. औषधाविषयी पुढे लिहू. कागदाविषयी मात्र आमची तक्रार आपल्याच व्यवसायबंधूंकडे आहे. पहाटे साडेचारला उठावे, डिसेंबरात भरपूर अभ्यंग व स्निग्ध आहार घ्यावा, मार्च-एप्रिलमध्ये कफाचे शोधन करावे, असा पुण्या-नाशिकच्या पंचांगावर बेतलेला मजकूर आपण छापून ठेवतो आणि दक्षिण गोलार्धात निघालेल्या तरुणाच्याही हाती तोच देतो. सिडनीत डिसेंबर हा ऐन ग्रीष्म आणि एप्रिल ही शरदाची वेळ, याचे भान त्या कागदाला नसते.

हा विद्यार्थी तेथे पोहोचला की थोड्याच दिवसांत एक वेगळी दिनचर्या त्याच्या दृष्टीस पडते. बाँडी, कूजी, मॅनली या किनाऱ्यांवर सूर्योदयाआधीच माणसे चालत, धावत, पोहत असतात. या पहाटेच्या स्नानाला इतिहासही आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे दिवसाढवळ्या उघड्या समुद्रात स्नान करण्यास कायद्याने बंदी होती. ज्याला पाण्यात उतरायचे त्याने पहाटे किंवा रात्रीच उतरावे. 1902 मध्ये मॅनली येथे विल्यम गोचर यांनी ही बंदी जाहीरपणे मोडली आणि पुढच्याच वर्षी तेथील नगरपालिकेने निर्बंध सैल केले. बंदी गेली, पहाटेची सवय मात्र टिकून राहिली. 1929 मध्ये स्थापन झालेल्या बाँडी आइसबर्ग्ज या मंडळाचे सभासद तर भर हिवाळ्यात दर रविवारी नेमाने पोहतात.

मग विद्यार्थी विचारतो, ‘डॉक्टर, सकाळी समुद्रात पोहलो तर चालेल का?’ यावर आपल्यापैकी काही जण ‘कफ वाढेल’ म्हणून सरसकट नकार देतात, तर काही ‘व्यायाम उत्तमच’ म्हणून सरसकट होकार देतात. विद्यार्थ्याची प्रकृती, झोप, तेथील ऋतू आणि पाणी यांची चौकशी दोघेही करत नाहीत. आमच्या मते उत्तर होकारार्थीच असावे, पण अटींसह. आणि त्या अटी आपल्या ग्रंथांतच आहेत.

पहिला प्रश्न झोपेचा. ब्राह्ममुहूर्त हा रात्रीचा चौदावा मुहूर्त. तो घड्याळाने नव्हे, रात्रीच्या लांबीने ठरतो. सिडनीत डिसेंबरअखेर सूर्योदय सुमारे 5.40 ला, तर जूनअखेर सुमारे 7 वाजता होतो. कागदावरचे साडेचार डिसेंबरात योगायोगाने जुळतात, जूनमध्ये जुळत नाहीत. पण खरी अडचण याहून मोठी आहे. परदेशी विद्यार्थ्यांना सत्र चालू असताना पंधरवड्यास 48 तास काम करण्याची मर्यादा 1 जुलै 2023 पासून लागू झाली, आणि यांतले अनेक तास रात्रपाळीचे असतात. ज्याची पाळी पहाटे चारला संपते, त्याला ब्राह्ममुहूर्त सांगणे म्हणजे जागरणावर जागरण लादणे होय. रात्री जागलेल्याने सकाळी उपाशीपोटी जागरणाच्या निम्मा काळ झोपावे, ही मुभा वाग्भटाने दिलेली आहे. आपल्या कागदात ती कधी आढळत नाही. अशा विद्यार्थ्याने त्या दिवशी किनाऱ्याकडे फिरकू नये, हेच शास्त्रसंमत.

दुसरा प्रश्न ऋतूचा. येथे एक बारकावा आहे. हवा आणि समुद्र यांचे ऋतू एकाच वेळी पालटत नाहीत. सिडनीचे समुद्रजल फेब्रुवारी-मार्चमध्ये 23 अंशांच्या आसपास असते, तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये 17-18 अंशांपर्यंत उतरते. ऑक्टोबरात ऊन तापू लागते, पाणी मात्र अजून थंडच. आपल्याकडून जुलैत, म्हणजे वर्षा ऋतूतल्या अग्निमांद्यासह गेलेला विद्यार्थी तेथे थेट हिवाळ्यात उतरतो. त्याने ऋतुसंधीचा नियम पाळून आधी काही आठवडे केवळ वाळूवर चालावे. पीनस, कर्णरोग, अजीर्ण, अतिसार असताना स्नान निषिद्ध, हे आपण जाणतोच. व्यायाम अर्धशक्तीपर्यंत, तोही हिवाळ्यात व वसंतात. ग्रीष्मात त्याहून कमी. पण पाण्यात कपाळावरचा घाम कळत नाही, तेव्हा श्वास तोंडावाटे घ्यावा लागू लागला की थांबावे, असे स्पष्ट सांगणे बरे.

तिसरा प्रश्न जिवाचा, आणि त्यावर आपण सर्वांत कमी बोलतो. ज्या अध्यायात दिनचर्या आहे, त्याच अध्यायात वाग्भटाने हातांच्या बळावर नदी पार करण्यास मनाई केली आहे. तेथील किनाऱ्यांवर ‘रिप’ नावाचा, किनाऱ्याकडून समुद्रात खेचून नेणारा प्रवाह असतो. दोन्ही बाजूंना लाटा फुटत असताना मधले पाणी शांत दिसते. तेच बहुधा धोक्याचे. 6 फेब्रुवारी 1938 रोजी बाँडी येथे जीवरक्षक मोठ्या संख्येने हजर असतानाही शेकडो लोक ओढले गेले आणि पाच जण दगावले. पहाटे तर अनेक किनाऱ्यांवर जीवरक्षक आलेलेही नसतात. म्हणून पोहणे लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच, जीवरक्षक असतानाच. अन्यथा खडकात बांधलेल्या, भरतीच्या पाण्याच्या तलावांत. कूजीला वायलीज बाथ्स 1907 पासून आहे, शेजारी केवळ स्त्रिया व मुलांसाठी राखलेला मॅकायव्हर्स तलावही आहे. विहिरीत किंवा तरणतलावात पोहायला शिकलेल्यास समुद्र येतो असे समजू नये.

तेलाविषयीही लिहिले पाहिजे. अभ्यंग करून तसेच समुद्रावर जाण्याचा सल्ला आम्ही ऐकला आहे. तो चुकीचा आहे. तलावाच्या ओल्या दगडांवर तेलकट पाय घसरतात आणि तिलतैल हे उन्हापासूनचे कवच नव्हे. तेथे उन्हाळ्यात सकाळी आठच्या सुमारासच अतिनील किरणांचा निर्देशांक संरक्षण घेण्याच्या पातळीला पोहोचतो. आपल्या ‘कोवळ्या उन्हा’ची कल्पना तेथे नेऊ नये. शिर, कान व तळपाय यांना तेल रात्री झोपण्यापूर्वी लावावे.

राहता राहिले औषध, आणि हे औषधालयांच्या चालकांसाठी. वर्षभराचा साठा बांधून देऊ नये. स्वतःच्या उपयोगासाठी एका वेळी तीन महिन्यांपुरतेच औषध आणण्याची सवलत तेथील नियमांत आहे. मध-तुपाचे अवलेह विमानतळावर घोषित करावे लागतात. पारद व शिसे असलेल्या कल्पांविषयी तेथील नियामक संस्थेने वेळोवेळी इशारे दिले आहेत. ते विद्यार्थ्याच्या पेटीत घालूच नयेत. सुट्या पुड्या बंद कराव्यात. प्रत्येक डबीवर घटकद्रव्ये, मात्रा आणि वैद्याचे नाव इंग्रजीत छापलेले असावे, आणि त्याच पाकिटात ऋतू उलटे मांडलेला, सिडनीच्या सूर्योदयानुसार केलेला दिनचर्येचा नवा कागद ठेवावा.