डावा हात ताठ ठेवण्याचा हट्ट सोडा

गोल्फ खेळणारे पेशंट माझ्याकडे येतात ते बहुधा कंबर धरूनच. परवा आलेले गृहस्थ छप्पन्न वर्षांचे, ब्लडप्रेशरचे जुने पेशंट. दर रविवारी खेळायला जाण्याआधी न चुकता पेनकिलर घेतात! मी म्हटलं, स्विंग करून दाखवा. डावा हात काठीसारखा ताठ, डोकं खाली गाडलेलं, खुबे घट्ट रोखलेले.

"व्हिडिओत असंच सांगतात, डॉक्टर."

सांगू देत. व्हिडिओतला खेळाडू पंचविशीचा आहे, तुम्ही नाही.

कंबरेचे मणके पिळण्यासाठी बनलेलेच नाहीत. पाचही मिळून एका बाजूला जेमतेम दहा-एक अंश वळतात. स्विंगमधलं खरं वळण खुब्यांतून आणि छातीमागच्या मणक्यांतून यायला हवं. दिवसभर खुर्चीत बसून पन्नाशीत नेमके तेच आखडलेले असतात. त्यात खुबे रोखले आणि हात ताठच ठेवून क्लब मागे खेचला, तर पीळ कंबरेत जाणार. मूठ आवळल्याचा ताण कोपरात जाणार.

"पण थोर खेळाडू?" हॅरी वॉर्डन यांचा डावा कोपर बॅकस्विंगमध्ये वाकायचा, त्यांनी ब्रिटिश ओपन सहा वेळा जिंकली. जॅक निकलॉस डावी टाच उचलायचे. १९८६ मध्ये ४६व्या वर्षी मास्टर्स जिंकले. ताठ हात म्हणजे धर्माज्ञा नव्हे.

मग काय करायचं? (डावखुऱ्यांनी बाजू उलट समजावी.)

• पाठीचं कुबड न काढता खुब्यातून पुढे झुका. गुडघे किंचित सैल.
• हात खांद्यांतून सहज खाली लोंबू द्या. डावा हात लांब ठेवा, पण कोपर लॉक करू नका.
• बॅकस्विंगमध्ये डावी टाच उचलली जात असेल तर जाऊ द्या.
• चेंडू मारल्यावर डोकं खाली धरून ठेवू नका. शरीराबरोबर वळू द्या.
• आधी दहा मिनिटं चाला, अंग मोकळं करा.

आणि पेनकिलर घेऊन खेळणं आजपासून बंद. या गोळ्या ब्लडप्रेशर वाढवतात, जठराला आणि किडनीला इजा करतात. शिवाय दुखणं म्हणजे शरीराने दिलेली सूचना. तीच तुम्ही दाबून टाकता. कळ पायात उतरत असेल किंवा पाय बधिर पडत असेल, तर खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवा. पायातली ताकद कमी झाली किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

हँडिकॅप दोनाने वाढला तरी चालेल. क्रिएटिनिन वाढायला नको.