नाव आणि पत

पेढीचे नाव विकत मिळते. पत मात्र मिळवावी लागते. इंग्लंडात नॉटिंगहॅम येथे जॉर्ज ब्रफ यांनी १९१९ मध्ये ‘ब्रफ सुपीरिअर’ मोटारसायकली बांधण्यास आरंभ केला. इंजिने ते बाहेरून घेत. परंतु प्रत्येक गाडी एकदा जुळवून पारखीत, पुन्हा सुटी करीत व रंग दिल्यावर दुसऱ्यांदा जुळवीत. ‘एसएस १००’ ताशी १०० मैल धावल्याखेरीज गिऱ्हाइकाच्या हाती जात नसे. १९४० मध्ये युद्धामुळे हे काम थांबले. तोवर सुमारे ३,००० गाड्या निघाल्या होत्या. २०१३ मध्ये त्याच नावाची नवी गाडी मिलानच्या प्रदर्शनात आली व पुढे फ्रान्समध्ये तुलूज येथे बांधली जाऊ लागली. या पुनरुज्जीवनाचे आम्ही स्वागत करितो; मात्र नावाबरोबर ती पारखही चालत आली पाहिजे. पोत्यावरील छाप पाहून गिऱ्हाईक एकदा येते. आतील दाणा पाहूनच पुन्हा येते.