परत आलास? का रे?

पहिले पंधरा दिवस तुम्ही स्टार असता. पुरणपोळी होते, मावशी भेटायला येते, शाळेचा ग्रुप एफ.सी. रोडवर जमतो. मग कोणीतरी विचारतं, 'सुट्टी किती दिवस?' कायमचा आलोय म्हटलं की पुढचा बॉल तयारच असतो, 'का रे? तिकडे काही प्रॉब्लेम झाला का?'

गंमत बघा. न्यू जर्सीला जाताना कंपनीने ओरिएंटेशन दिलं होतं, चुलतभावाने यादी पाठवली होती, आईने कुकर दिला होता. परत येताना मात्र कोणीच काही सांगत नाही. स्वतःच्या घरी यायला कसली आलीय तयारी?

तर मंडळी, लागते. या प्रकाराला नावसुद्धा आहे, रिव्हर्स कल्चर शॉक. परदेशी गेलेल्या माणसाचा मूड आधी वर, मग खाली, मग पुन्हा वर जातो, म्हणजे इंग्रजी 'यू'सारखा, असं नॉर्वेच्या स्वेरे लिसगार्ड यांनी १९५५ साली मांडलं. १९६३ मध्ये गुलाहॉर्न या अमेरिकन दांपत्याने त्याला दुसरा 'यू' जोडून 'डब्ल्यू' केला. दुसरा खड्डा कुठे? घरी परतल्यावर!

कारण साधं आहे. तिकडे तुम्ही नवखे होतात आणि ते सगळ्यांना मान्य होतं. इथे नवखेपणाची सोयच नाही. २०१४ साली पुणं सोडलं असेल, तर तेव्हा यूपीआय नव्हतं (ते आलं २०१६ साली) आणि मेट्रोही नव्हती (ती धावू लागली २०२२ मध्ये). तुम्ही भाजीवाल्याकडे सुट्टे शोधत बसता आणि मागच्या आजी कोड स्कॅन करून मोकळ्या! सिग्नलला थांबलात तर मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून तुमची अक्कल काढतो.

हे सगळं महिन्या-दोन महिन्यांत जमतं. अवघड पेपर घरातच असतो.

'आईबाबांसाठी आलो' असं आपण म्हणतो. पण त्यांनी आपल्याशिवाय जगायची घडी बसवलेली असते. सकाळी हास्यक्लब, दुपारी झोप, संध्याकाळी आईचा भजनी मंडळाचा सराव. त्यात रविवारचा अर्धा तास तुमच्या व्हिडिओ कॉलचा. आता तुम्ही चोवीस तास समोर, शिवाय फ्रिज आवरायच्या सूचनांसकट. त्यांनाही अॅडजस्ट व्हायला वेळ लागणारच ना?

आणि कॉलवर न दिसलेलं बरंच काही आता दिसतं. बाबा दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत दोनदा थांबतात. शुगरची गोळी वाढलीय. 'आम्ही एकदम मजेत' हे वाक्य इतकी वर्षं कॅमेऱ्याच्या चौकटीत बसेल तेवढंच खरं होतं.

म्हणून थोडं प्लॅनिंग. स्वतःला किमान एक वर्ष द्या, नव्या शहरात दिलं असतं तसंच. 'तिकडे ना असं असतं' हे वाक्य दिवसातून एकदाच. बँकेला परतल्याचं कळवा, कारण एनआरई खातं तसंच चालू ठेवता येत नाही. डॉलर ठेवायचे तर आरएफसी खातं आहे. परतल्यावर सुरुवातीला 'आरएनओआर' दर्जा मिळू शकतो आणि त्यात परदेशातल्या बऱ्याचशा उत्पन्नावर इथे कर लागत नाही. तेव्हा सीएला लवकर गाठा.

'का रे?'चं काय करायचं? व्हिसा संपला असेल, जॉब गेला असेल किंवा नुसतं यावंसं वाटलं असेल. प्रत्येकाला सविस्तर खुलासा द्यायची गरज नाही. 'आलो, बस्स' म्हणा आणि चहा मागवा.

पण येत्या शनिवारी एक करा. बाबांच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घ्या आणि सोबत जा. फाइल तुमच्या हातात असू द्या, प्रश्न तुम्ही विचारा. जिना चढताना त्यांच्या स्पीडने चढा. एडिसनहून हे जमत नव्हतं.