झालेल्या चर्चेनुसार

भाच्याला पाटबंधारे खात्यात कनिष्ठ अभियंत्याची नोकरी लागली. घरात सत्यनारायण झाला आणि प्रसादाबरोबर प्रत्येकाने त्याच्या हातावर तोच एक सल्ला ठेवला: साहेबांना सांभाळून राहा. काकांनी सांगितलं, मामांनी सांगितलं, धरण फक्त सहलीत पाहिलेल्या शेजारच्या काकूंनीही सांगितलं. आपल्याकडे तिघांना सांभाळायचं असतं: दारुडा नवरा, मारकी म्हैस आणि साहेब. तिघांनी सुधारावं असं कोणी म्हणत नाही.

मी चौतीस वर्षं सरकारी कचेरीत काढली. बारनिशीच्या टेबलावर लिफाफे फोडण्यापासून सुरुवात केली आणि शेवटची काही वर्षं लोक मलाच उठून नमस्कार करत होते. तेव्हा या सल्ल्याबद्दल बोलायचा मला थोडा हक्क आहे. हा सल्ला नुसता लाचार नाही, तो बिनकामाचाही आहे.

माझ्या पहिल्या साहेबांना मी इतकं सांभाळलं, इतकं सांभाळलं की त्यांच्या घरच्या गॅस सिलिंडरचा नंबर लावायला मी उभी, मुलाच्या शाळेचा अर्ज मी लिहिलेला, आणि दिवाळीचा चिवडा आमच्या आईच्या हातचा. साहेब म्हणायचे, ‘‘तू मला मुलीसारखी.’’ मी घरी येऊन हे वाक्य पगारासारखं आईच्या हातात ठेवायची.

माझ्या टिपण्यांच्या कोपऱ्यात ते दोन शब्द लिहीत: ‘चर्चा करावी’. नव्या लिपिकाला वाटतं, आपल्या बुद्धीचा हा सन्मान. खरा अर्थ असा असतो: मला जे हवंय ते तुझ्या टिपणीत नाही, आणि जे हवंय ते मी लिहिणार नाही. मग केबिनमध्ये चर्चा व्हायची, म्हणजे ते बोलायचे आणि मी मान हलवायची. अशाच एका चर्चेनंतर मुदत संपलेला एक अर्ज मी मुदतीतला धरला आणि तसा प्रस्ताव स्वतःच्या सहीने वर पाठवला. आठ महिन्यांनी चौकशी लागली. साहेब म्हणाले, ‘‘मी असं कधी म्हटलं? टिपणी तर हिची आहे.’’ खरंच होतं की, टिपणी माझीच होती. मुलीसारख्या मुलीला कारणे दाखवा नोटीस मिळाली आणि एक वेतनवाढ रोखली गेली. चिवड्याचा उल्लेख चौकशीत कुठेही आला नाही.

आमच्या हेडक्लार्कना सगळे अण्णा म्हणत. अण्णा काही क्रांतिकारक नव्हते, जेवणानंतर पाऊण तास बसल्या जागी डुलकी घेत. नोटीस वाचून ते म्हणाले, ‘‘बाई, साहेबांना चहा पाजा, माझं काही म्हणणं नाही. पण टिपणीत एक ओळ लिहीत जा. ‘मा. साहेबांशी अमुक दिनांकास झालेल्या चर्चेनुसार.’ बस.’’

चाकरीचं सगळं शास्त्र त्या ओळीत आहे, आणि ते अण्णांच्या डोक्यातून निघालेलं नाही. केंद्र सरकारचे 1964चे वर्तणूक नियम उघडून पाहा. वरिष्ठाने आदेश शक्यतो लेखी द्यावा, तोंडी देणं टाळता आलं नाही तर लगेच लेखी कायम करावा, आणि कनिष्ठाने तसं मागून घ्यावं, असं त्यात आहे. म्हणजे लेखी मागणं हा आगाऊपणा नव्हे, ते नेमून दिलेलं काम आहे. पण नोकरी लागल्यावर सत्यनारायण होतो, नियमांचं पुस्तक कोणी हातात देत नाही.

दुसरे साहेब आले तेव्हा मी ती ओळ लिहिली. त्यांनी भुवया चढवल्या. ‘‘हे कशाला?’’ मी म्हटलं, ‘‘साहेब, आठवणीसाठी. उद्या नस्ती उघडली तर आपल्यालाही बरं.’’ त्यांनी सही केली आणि पुढचा महिनाभर माझ्याशी फक्त शिपायामार्फत बोलले. कचेरीत चर्चा, बाईंचं साहेबांशी बिनसलं. चिवडा बंद झालाच होता.

मग एका तारांकित प्रश्नाचं उत्तर गेलं. विधानसभेचं काम, रात्री माणूस मुंबईला रवाना झाला. घरी स्थळप्रत चाळताना दिसलं, एका तालुक्याचा आकडा मी दोनदा धरला होता. सांभाळून राहणारी मी असते तर गप्प बसले असते, फार तर टंकलेखकावर ढकललं असतं. सकाळी साडेसहाला साहेबांच्या दारात उभी राहिले. ‘‘बेरीज चुकलीय, चूक माझी आहे, हा सुधारित तक्ता.’’ साहेब लुंगीवर होते. त्या अवतारात माणूस जेवढा ओरडू शकतो तेवढे ओरडले. मग मंत्रालयात फोन लावला आणि आकडा दुरुस्त करून घेतला. पुढची तीन वर्षं ते माझ्या टिपणीवर न कुरकुरता सही करायचे. बेरीज मात्र दरवेळी स्वतः तपासायचे, आणि बरोबरच करायचे. याला मी साहेबाशी चांगले संबंध म्हणते. त्यांच्या बायकोचं नाव मला आजही माहीत नाही.

आमच्या उमेदीच्या काळात अहमदनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयातल्या लखीना पॅटर्नची फार चर्चा होती. कागदांचे सहा गठ्ठे लावायचे: हातावरचं काम वेगळं, कोणाच्या उत्तराची वाट पाहतोय ते वेगळं, जाळायचं ते वेगळं. लोक त्याला टापटीप समजले. मला त्यातलं मर्म वेगळं वाटतं. गठ्ठे लावलेले असले की ‘काम का झालं नाही’ याचं उत्तर टेबलावर दिसतं, त्यासाठी साहेबांचा मूड पाहावा लागत नाही. नव्या पोराला याहून भक्कम ढाल कोण देणार?

‘पण गोपनीय अहवाल साहेबच लिहितात ना?’ हा हुकमी प्रश्न. लिहितात. आणि तिथे शिवीपेक्षा कौतुक जास्त मारतं. सीमा सडक संघटनेतले अभियंता देव दत्त यांच्या अहवालात एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा होता. बढतीला सलग पाच वर्षं ‘अतिशय चांगला’ लागत होता. ‘चांगला’ने बढती गेली, आणि हा शेरा त्यांना कधी कळवलाही नव्हता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 2008 साली न्यायालयाने सांगितलं की नोंद कोणतीही असो, ती कर्मचाऱ्याला कळवलीच पाहिजे. निकालाला इतकी वर्षं झाली, पण सत्यनारायणाला आलेल्यांपैकी एकालाही तो ठाऊक नव्हता. साहेबांना कुठले पेढे आवडतात हे मात्र प्रत्येक खात्यात ठाऊक असतं.

आता माझी पाळी. साहेब झाल्यावर मी काय केलं? माझ्याकडे दोन लिपिक होते. एक माझी पर्स उचलायचा, माझ्या साड्यांची तारीफ करायचा आणि नस्त्या दाबून ठेवायचा. दुसरी मुलगी ‘झालेल्या चर्चेनुसार’ लिहायची, माझ्याकडूनच शिकलेली. एकदा तिने माझा तोंडी आदेश जसाच्या तसा टिपणीत उतरवला, आणि तो वाचताना मला माझीच लाज वाटली. लाज वाटली की माणसाला राग येतो. त्या वर्षी पर्सवाल्याला मी वरची श्रेणी दिली आणि तिला ‘ब’. नियमाप्रमाणे अहवालाची प्रत तिला गेली. ती घेऊन केबिनमध्ये आली. ‘‘मॅडम, माझं काय चुकलं ते लिहून द्याल?’’

मी फाइल चाळल्यासारखं केलं. पाच मिनिटं चाळली. शेवटी तिचा अर्ज घेतला आणि श्रेणी वाढवण्याची शिफारस करून वर पाठवला. त्यावर वरच्या साहेबांनी लिहिलं, ‘चर्चा करावी’.

परवा भाच्याचा रात्री अकराला फोन आला. उपअभियंत्यांनी त्याला चहाला बोलावलं होतं, पाठीवर हात ठेवला होता, आणि मोजमाप पुस्तकात कालव्याच्या अस्तरीकरणाची लांबी जरा वाढवून नोंदवायला सांगितलं होतं. ‘‘आत्या, साहेब फार चांगले आहेत गं. घरच्यासारखे वागवतात.’’

‘‘पुस्तकात मोजणी कोणी केली म्हणून सही कोणाची होते?’’

‘‘माझी.’’

‘‘आणि टेप कोणी धरली?’’

‘‘मीच.’’

‘‘मग किती भरली?’’

त्याने आकडा सांगितला.

‘‘तो लिही,’’ मी म्हटलं. ‘‘आणि जास्त लांबीचं सकाळी साहेबांना म्हणावं, लेखी द्या.’’

पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्याने विचारलं, ‘‘साहेब चिडले तर?’’

‘‘चिडतील. महिनाभर शिपायामार्फत बोलतील.’’