मुक्या जिवाचा औषधोपचार

घरचें मांजर कठीण दुखण्यानें पडलें, तर ‘मांजरच तें’ म्हणून त्यास कोपऱ्यांत मरूं देणें निर्दयपणाचें होय; पण आपणांस वियोग सोसवत नाहीं म्हणून त्याच्या यातना लांबविणें, हीही दया नव्हे, असें आम्हांस वाटतें. घरांतलें पॅरासिटामॉल त्यास कदापि देऊं नये. मांजरास तें विषच आहे. पशुवैद्यास स्पष्ट विचारावें : हें बरें होईल, कीं केवळ दिवस वाढतील? आशा असेल, तर गडचिरोलीहून १५० किलोमीटरांपलीकडील नागपूरचें, १९५८ सालीं स्थापन झालेलें पशुवैद्यकीय महाविद्यालयही गांठावें. नसेल, तर वैद्याच्या हातून वेदनारहित शेवट करविणें बरें. पालकहो, हा निर्णय मुलांपासून लपवूं नका. दुसऱ्याचें दुःख आपल्या दुःखाआधीं पाहणें त्यांस येथेंच शिकतां येईल.