बाळाच्या खोलीत काय अंथराल?

बाळ पालथे पडू लागले की घरातल्या मोठ्यांचे लक्ष एकदम जमिनीकडे जाते. इतके दिवस जी फरशी फक्त पुसण्यापुरती आठवायची, ती आता गार वाटू लागते, टणक वाटू लागते. मग कुणीतरी म्हणते, "खाली काहीतरी मऊ अंथरायला हवं." आणि खरेदीला सुरुवात होते.

माझी धाकटी बहीण बंगळुरूला विजयनगरमध्ये राहते. बाळंतपणानंतर तिने वर्षभरासाठी नोकरी सोडली आहे. घराचे हप्ते चालू, म्हणजे एका पगारात सारे बसवायचे. बारशाला मेहुण्यांच्या ऑफिसातल्या मित्रांनी मिळून एक पांढराशुभ्र, लांब केसांचा गालिचा दिला होता. दिसायला इतका देखणा की येणारा प्रत्येक जण वाकून हात फिरवायचा. चकचकीत टाइल्सवर तो तसाच अंथरलेला होता. एका सकाळी आई बाळाला कडेवर घेऊन खिडकीशी निघाली आणि गालिच्यासकट तिचा पाय सरकला. तिने बाळाला छातीशी घट्ट धरले आणि सारा भार डाव्या हातावर घेतला. बाळाला ओरखडाही आला नाही. आईच्या मनगटाला मात्र प्लास्टर घालावे लागले.

त्या गडबडीत बहीण बोलून गेली, "आई, बघून चालायचं ना गं!" आई काहीच बोलली नाही. पण त्यानंतर तिने उभ्याने नातवाला घेणेच सोडले. बसली असेल तरच म्हणायची, "दे इकडे." मी सुट्टी काढून गेले तेव्हा हे सगळे मला आईकडून नाही, बहिणीकडून कळले. "तो गालिचा मी माळ्यावर टाकलाय," ती म्हणाली. "आता तूच सांग काय घ्यायचं ते. दोन हजारांच्या वर एक रुपया नाही."

मैत्रिणींनो, हा प्रश्न तुमच्यापैकी कितीतरी जणींचा असेल, म्हणून आम्ही काय केले ते सांगते.

आधी दुकानात गेलोच नाही. जुनी वर्तमानपत्रे जमिनीवर पसरली. पाळणा आणि कपाट यांच्यामध्ये चार बाय सहा फुटांची जागा मिळाली. दार उघडून पाहिले तर ते पाच-सहा इंच कागदावरून फिरत होते, म्हणून कागद तेवढा मागे घेतला. दाराखाली अडकणारी किनार म्हणजे रोजचा धोका. बहिणीला पूर्ण खोलीभर अंथरायचे होते, पण बाळ जिथे लोळते तेवढी जागा झाकली तरी पुरते. आपल्याकडे ‘बाळाची खोली’ म्हणजे निम्मी आई-वडिलांचीच असते, हेही विसरायला नको.

दुसरा विचार हवेचा. बंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीवर, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत फरशी चांगलीच गार पडते. पाऊस जूनपासून ऑक्टोबरपर्यंत, आणि सप्टेंबरात तर तो ऐन भरात असतो. म्हणजे ऊब हवी, पण धुतल्यावर एका उन्हात वाळलेही पाहिजे. बाळ ओकणार, शू करणार, डाळ-भात सांडणार. जाड गालिच्यात ओल आत राहिली की कुबट वास येतो, बुरशी धरते. लांब केसांच्या गालिच्यात धूळही बसते आणि धुळीतले बारीक किडेही वाढतात. घरात कुणाला दमा असेल तर तो मोह सोडावाच.

स्वस्त म्हणून फोमच्या, कोडे जुळवल्यासारख्या जोडायच्या चटया पुष्कळ जणी घेतात. धडपडणाऱ्या बाळाला त्या बऱ्या. पण फॉर्मामाइड या रसायनाच्या शंकेवरून 2010 च्या अखेरीस बेल्जियम आणि फ्रान्समध्ये अशा चटयांची विक्री थांबवण्यात आली होती. उग्र वास येत असेल तर घेऊ नये. दात येऊ लागलेले बाळ त्याचे तुकडेही तोडते.

शेवटी आम्ही सुती सतरंजीवर आलो. कर्नाटकात यासाठी नाव आहे धारवाड जिल्ह्यातल्या नवलगुंदचे. तिथला जमखाना उभ्या मागावर बायकाच विणतात. सोंगट्यांच्या पटाचे आणि मोरांचे नक्षीकाम ही त्याची ओळख, आणि त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. सरकारी ‘कावेरी’ दालनात कर्नाटकातल्या हस्तकलेच्या वस्तू मिळतात. पण हाताने विणलेल्या मोठ्या जमखान्याला आमचे दोन हजार पुरणार नव्हते. ज्यांना जमेल त्यांनी तो जरूर घ्यावा.

आम्ही चिकपेट गाठले. दुकानदार राजस्थानचा, बहीण कानडीत बोलत होती, मी हिंदीत. त्याने एकावर एक सतरंज्या उलगडल्या. मी पर्समधून पांढरा रुमाल काढला, ओला केला आणि लाल सतरंजीवर चोळला. रुमाल गुलाबी झाला. त्याचा चेहरा पडला, पण बाळ जमिनीवरची प्रत्येक गोष्ट तोंडात घालते, त्याला इलाज नाही. चौथ्या सतरंजीला, निळ्या-करड्या पट्ट्यांच्या, रुमाल पांढराच राहिला. विण घट्ट, दोन्ही बाजू सारख्या, म्हणजे एक बाजू मळली की उलटायची. पाठीला डिंकासारखा थर लावलेले गालिचे मात्र टाळावेत. काही वर्षांत त्याचा भुगा होऊन खाली सांडतो.

झालर होती, ती घरी आल्यावर आम्ही कापली आणि कडा दुमडून शिवली. सैल धागा बाळाच्या बोटाभोवती आवळला गेला तर रक्तपुरवठा थांबू शकतो. बाळ कारण नसताना रडत असेल तर पायाची बोटे एकदा पाहावीत.

लोकरी, गाठींचा गालिचा परवडत असेल तर एक गोष्ट विचारायची. भदोही-मिर्झापूर पट्ट्यात या धंद्यात लहान मुले राबत. त्यांच्यासाठी कैलाश सत्यार्थींच्या पुढाकाराने 1994 मध्ये ‘रगमार्क’ ही खूण सुरू झाली. आता तिचे नाव ‘गुडवीव्ह’ आहे. ती खूण असेल तर बालमजुरी होत नाही ना, यासाठी मागांची तपासणी होते. आपल्या बाळासाठी घेताना एवढी चौकशी करायला काय हरकत आहे?

सतरंजी साडेअकराशेला पडली. उरलेल्या पैशांत खाली घालायची रबरी जाळी घेतली, सतरंजीपेक्षा सगळीकडून इंचभर लहान कापलेली. खरे तर पहिल्या गालिच्याखाली एवढी जाळी असती तरी पुरे होते. सतरंजीची एक कड पाळण्याच्या पायांखाली दाबली. बाळाला झोपवायचे मात्र त्याच्या घट्ट, सपाट गादीवरच, पाठीवर. मऊ अंथरूण खेळण्यापुरते.

आईने दुपारी येऊन पाहिले. काही न बोलता उजव्या पायाचा अंगठा सतरंजीवर रोवून तिने दोन-तीनदा जोर लावला. सतरंजी हलली नाही. "जुन्या साड्या आहेत का गं?" तिने बहिणीला विचारले, "प्लास्टर निघालं की एक गोधडी शिवते याच्यावर घालायला." बहीण साड्या काढायला आत गेली. जाताना बाळाला तिने आईच्या उजव्या हातात दिले, आणि आई ते घेऊन तशीच उभी राहिली.