हुतूतूचा दम

२०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली तेव्हा जळगाव-धुळ्याकडे मराठी शिकवणारे आम्ही कबड्डीवेडे हरखलो होतो. आज ते सामने पाहवत नाहीत. खेळ मातीवरून मॅटवर गेला, २०२३च्या लिलावात पवन सेहरावतला अडीच कोटींहून अधिक मिळाले, याबद्दल तक्रार नाही; तो पैसा खेळाडूच्या हक्काचाच. दुखणे निराळे आहे. हुतूतूत चढाई दमावर चाले. दम सुटला की गडी बाद. आता ती ३० सेकंदांच्या घड्याळावर चालते आणि ‘कबड्डी, कबड्डी’ हा घोष कर्णकर्कश संगीतात बुडून जातो. खेळाचे नाव हाच ज्याचा श्वास, त्या खेळातला शब्दच ऐकू येऊ नये? ‘काळाप्रमाणे बदलावेच लागते’ म्हणणाऱ्यांनी आधी याचे उत्तर द्यावे.